आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद शिकवताना आधी निवाड्याचे गाव विचारावे

प्रश्न असा आहे: नवी मुंबईतील एका विधि महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापिकेकडे शेवटच्या वर्षाचा ‘आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद’, म्हणजे परदेशी पक्षाशी झालेला व्यापारी वाद न्यायालयाऐवजी पंचांकडून सोडवून घेणे, हा ऐच्छिक विषय आला आहे. वर्गात पस्तीस विद्यार्थी आहेत. त्यांतील बरेच जण नोकरी सांभाळून सकाळच्या तासांना येतात, अनेकांचे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे, आणि परदेशातील मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धेला संघ पाठवण्याइतका पैसा महाविद्यालयाकडे नाही. अशा वर्गाला हा विषय परीक्षेपुरता न शिकवता खरोखर कसा शिकवावा आणि सुरुवात कोठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे वकिली करतो. कार्यालय ठाण्यात आहे, लवादाची कामे बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखानदारांची असतात, आणि गेली काही वर्षे ठाणे व नवी मुंबईतील महाविद्यालयांत मी हा विषय शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत पक्के झाले आहे की हा विषय शेवटाकडून शिकवावा. अभ्यासक्रम बहुधा इतिहासापासून सुरू होतो, मग व्याख्या, मग लवाद करार, मग आर्बिट्रेटरची (वाद ऐकून निवाडा देणाऱ्या पंचाची) नेमणूक, आणि निवाड्याच्या अंमलबजावणीपर्यंत पोहोचेतो सत्र संपलेले असते. परिणामी विद्यार्थ्याला कलमे पाठ असतात, पण पक्षकार लवादाकडे मुळात का जातो हे त्याला उमगलेले नसते. पक्षकार जातो तो पैसे वसूल करण्यासाठी, आणि पैसे ज्या देशात असतात त्या देशाच्या न्यायालयाने निवाडा मानला तरच ते वसूल होतात.

म्हणून पहिल्या तासाला एकच प्रसंग फळ्यावर लिहावा. रबाळे येथील एका कारखान्याने सिंगापूरच्या कंपनीकडून यंत्रे घेतली, पैशांवरून वाद झाला, सिंगापुरात लवाद चालला आणि कारखान्याविरुद्ध निवाडा लागला. कारखान्याची जमीन, यंत्रे आणि बँकेतील खाते इथेच आहे. सिंगापूरची कंपनी आता आपली अशील आहे. आपण कोणत्या न्यायालयात जाणार? वर्गातून तीन उत्तरे येतात: ठाण्याचे जिल्हा न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि सिंगापूरचे न्यायालय. तिन्ही उत्तरे लिहून ठेवावीत आणि मगच १९९६ च्या लवाद व समेट कायद्याचा, परदेशी निवाड्यांविषयीचा, दुसरा भाग उघडावा. कलम ४७ च्या स्पष्टीकरणात न्यायालय म्हणजे उच्च न्यायालय असे सांगितले आहे. तेव्हा कारखाना ठाणे जिल्ह्यात असला तरी अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो. त्याच कलमात अर्जासोबत काय जोडायचे तेही आहे: मूळ निवाडा किंवा रीतसर प्रमाणित प्रत, मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत, आणि हा परदेशी निवाडा आहे याचा पुरावा. न्यायालयाचे समाधान झाले की कलम ४९ नुसार तो निवाडा त्या न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो. ज्या विद्यार्थ्यांनी वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करताना दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) आणि जप्ती हे शब्द ऐकलेले असतात, त्यांना या ठिकाणी एकदम दिसते की परका वाटणारा हा विषय त्यांच्या ओळखीच्या कामालाच येऊन मिळतो.

इथवर आल्यावर न्यूयॉर्क करार, म्हणजे एकमेकांकडील लवादाचे निवाडे मानण्याचा देशादेशांतील करार, आपोआप समोर येतो. १० जून १९५८ रोजी झालेल्या या करारावर भारताने त्याच दिवशी सही केली आणि १९६० मध्ये त्याला मान्यता दिली. आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. भारताने दोन अटी राखून ठेवल्या आहेत: वाद व्यापारी स्वरूपाचा असला पाहिजे, आणि निवाडा करारातील देशात झालेला असला पाहिजे. यावर कलम ४४ ने आणखी एक गोष्ट घातली आहे, आणि ती विद्यार्थ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. त्या देशाचे नाव केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले असावे लागते. केवळ करारात सामील असणे पुरेसे नाही. सीट, म्हणजे लवाद कायद्याने जिथला मानला जातो ती जागा, ठरवताना हे न पाहणारा वकील अशिलाला निवाडा मिळवून देईल, पण तो निवाडा इथे या मार्गाने अमलात आणता येणार नाही.

कलम ४८ वर मात्र घाई करू नये. माझे चार तास यावर जातात. अंमलबजावणी नाकारण्याची कारणे पाठ करून घेण्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाचे २०२० मधील दोन निकाल शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. फेब्रुवारी २०२० मधील विजय कारिया विरुद्ध प्रिस्मियन या निकालात लंडनच्या निवाड्याला घेतलेले सर्व आक्षेप न्यायालयाने फेटाळले, परदेशी निवाड्याच्या गुणदोषांत शिरता येणार नाही असे बजावले आणि आक्षेप घेणाऱ्यांवर ५० लाख रुपयांचा खर्च बसवला. त्यानंतर दोनच महिन्यांनी नाफेड विरुद्ध अलिमेंटा या निकालात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने लंडनच्याच निवाड्याची अंमलबजावणी नाकारली. तो वाद भुईमुगाच्या निर्यातीचा, १९८० मधील कराराचा होता. पाच हजार टनांपैकी एकोणीसशे टन माल गेला, सौराष्ट्रातील वादळाने पुढचा अडला, आणि उरलेला माल पुढील हंगामात पाठवण्यास सरकारने परवानगी दिली नाही. परवानगी नसताना निर्यात करणे भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरले असते, असे न्यायालयाने धरले.

अर्ध्या वर्गाला एका निकालाची आणि अर्ध्या वर्गाला दुसऱ्या निकालाची बाजू द्यावी. दोन्ही गटांनी १९९३ च्या रेणुसागर निकालाचा आधार घ्यावा, कारण ‘सार्वजनिक धोरण’ या शब्दांचा परदेशी निवाड्यांपुरता अरुंद अर्थ तिथेच बांधला गेला. माझे स्वतःचे मत असे की नाफेडच्या निकालात न्यायालय कराराच्या अर्थात गरजेपेक्षा खोल शिरले. पण हे मत विद्यार्थ्यांना आधी सांगू नये. चर्चा संपताना एवढे मात्र दाखवून द्यावे की कलम ५० नुसार अंमलबजावणी नाकारली तर अपील आहे, मान्य केली तर नाही. कायद्याचा कल कोणीकडे आहे हे या एका असमान तरतुदीतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही प्रस्तावनेतून होत नाही.

आता सीटकडे येतो. या विषयाचा कणा सीट आहे, आणि मराठी विद्यार्थ्याची सर्वांत मोठी अडचणही इथेच आहे. कायद्याच्या मराठी पुस्तकांत ‘ठिकाण’ हा एकच शब्द सीटसाठीही येतो आणि बैठक भरण्याच्या जागेसाठीही. त्यामुळे सुनावणी मुंबईत झाली की लवाद मुंबईचा, असा समज घट्ट बसतो. भाषेने केलेला हा गोंधळ मी भाषेच्याच आधाराने सोडवतो. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला ‘गाव कुठलं?’ असे विचारले तर तो ठाणे सांगत नाही. चिपळूण, कणकवली किंवा सातारा सांगतो. तो राहतो नौपाड्यात, कामाला जातो ऐरोलीला, पण गाव वेगळे असते, आणि जमिनीचा सातबारा, भाऊबंदकीचा वाद, देवस्थानाचा मान हे सारे त्या गावाच्या हिशेबाने चालते. सीट म्हणजे निवाड्याचे गाव. बैठकीची जागा म्हणजे त्याचा सध्याचा पत्ता. सुनावणी वांद्रे-कुर्ला संकुलात झाली काय किंवा पडद्यावर झाली काय, निवाडा रद्द करण्याचा अर्ज गावच्या न्यायालयातच जाणार. हा दाखला एका बाबतीत अपुरा पडतो आणि तेही सांगून टाकावे: गाव जन्माने मिळते, सीट मात्र दोन्ही पक्ष आपखुशीने निवडतात, आणि म्हणूनच ती नीट निवडणे हे वकिलाचे काम ठरते.

यानंतर २०२१ चा पीएएसएल विंड सोल्यूशन्स विरुद्ध जीई पॉवर कन्व्हर्जन हा निकाल द्यावा. दोन्ही कंपन्या भारतीय, सीट झुरिक, सुनावण्या मुंबईत. दोन भारतीय पक्षांना परदेशी सीट निवडता येते आणि तिथला निवाडा इथे परदेशी निवाडा म्हणूनच अमलात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. गावाचा दाखला समजलेल्या विद्यार्थ्याला या निकालाचे आश्चर्य वाटत नाही.

उलट बाजूने ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाची परीक्षा घ्यावी. कलम २(१)(फ) नुसार किमान एक पक्ष परदेशी असावा लागतो. म्हणजे परदेशाचा नागरिक किंवा रहिवासी, परदेशात नोंदलेली कंपनी, जिचे मध्यवर्ती व्यवस्थापन परदेशातून चालते अशी संघटना, किंवा परदेशी सरकार. महापे येथील ज्या कंपनीचे सर्व भांडवल जर्मन आहे पण नोंदणी भारतात झाली आहे, ती या कलमापुरती भारतीयच. विद्यार्थ्यांना हे पटकन पटत नाही, तेव्हा मी मुंबईच्या मोनोरेलचे उदाहरण घेतो, कारण ती सर्वांनी पाहिलेली असते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी (एमएमआरडीए) करार करणारा गट लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी यांचा होता. आर्बिट्रेटर नेमण्यासाठी हा गट थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ मध्ये न्यायालयाने तपासले की या गटाचे मध्यवर्ती व्यवस्थापन कोठून चालते. ते भारतातून चालत होते, म्हणून हा आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादच नव्हे, असे ठरून अर्ज फेटाळला गेला.

असा फरक निव्वळ नावापुरता नसतो, हे वर्गात हिशेब मांडून दाखवावे. लवाद भारतातच होणार आहे असे धरा. तो देशांतर्गत असेल तर नेमणुकीचा अर्ज उच्च न्यायालयात, आंतरराष्ट्रीय असेल तर सर्वोच्च न्यायालयात. निवाडा रद्द करण्याचा अर्ज देशांतर्गत असेल तर आपल्या ठाणे जिल्ह्याच्या न्यायालयात जाऊ शकतो, आंतरराष्ट्रीय असेल तर उच्च न्यायालयातच. निवाड्यात उघड बेकायदेशीरपणा आहे हा आक्षेप देशांतर्गत निवाड्याला घेता येतो. कलम ३४(२अ) ने तो आंतरराष्ट्रीय निवाड्याला बंद केला आहे. निवाडा देण्याची बारा महिन्यांची मुदत देशांतर्गत लवादाला बंधनकारक, आंतरराष्ट्रीय लवादात ती प्रयत्न करण्यापुरती. हा तक्ता विद्यार्थ्यांनी स्वतः कायदा उघडून तयार करावा, आपण तयार करून वाटू नये. तयार तक्ता परीक्षेपर्यंत टिकतो, स्वतः शोधलेला तक्ता वकिलीत टिकतो.

इतिहास शिकवण्यासाठी वेगळा तास ठेवण्याची गरज नाही. तो न्हावा-शेवा बंदरातील एका कंटेनरमधून शिकवता येतो. समजा वादग्रस्त यंत्र कंटेनरमध्ये भरले आहे, दोन दिवसांत जहाजावर चढणार आहे, लवादाची सीट सिंगापूर आहे आणि यंत्र देशाबाहेर गेले तर अशिलाच्या हाती काही उरणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाकडून कलम ९ खाली मनाई हुकूम मागता येईल का? हाच अर्ज तीन वेगवेगळ्या वर्षी करायला सांगावा, करारही त्याच वर्षीचा धरून. २०११ मध्ये मागता येतो, कारण २००२ च्या भाटिया इंटरनॅशनल निकालाने पक्षांनी स्पष्टपणे किंवा सूचितपणे वगळला नसेल तर कायद्याचा पहिला भाग, ज्यात कलम ९ येते, परदेशी सीटलाही लागू केला होता. २०१३ मध्ये मागता येत नाही, कारण ६ सप्टेंबर २०१२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बाल्को निकालात ती वाट त्या तारखेनंतरच्या करारांसाठी बंद केली. २०१७ मध्ये पुन्हा मागता येतो, कारण २३ ऑक्टोबर २०१५ पासून कलम २(२) ला जोडलेल्या परंतुकाने परदेशी सीट असलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादालाही कलम ९ खुले केले, पक्षांनी तसे नाकारले नसेल तर. उरण, उलवे, पनवेलकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी कोणी ना कोणी बंदरात, कस्टम ब्रोकरकडे किंवा मालवाहतुकीत कामाला असते, आणि कंटेनर सुटला तर काय होते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

त्याच विद्यार्थ्यांना कोऱ्या नमुन्यातील बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची वाहतूकदाराची पावती) आणायला सांगावे आणि मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचून घ्यावा. कोठे न्यायालयाचा उल्लेख असतो, कोठे जहाजभाड्याच्या करारातील लवादाचे कलम ‘यात समाविष्ट’ केलेले असते. दुसऱ्या कागदातील कलम नुसत्या उल्लेखाने या कागदात येते का, हा प्रश्न कलम ७(५) चा आहे, आणि मोघम उल्लेख पुरत नाही, लवादाच्या कलमाचाच निर्देश हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एम. आर. इंजिनिअर्सच्या निकालात सांगितले आहे.

मसुदा लिहिण्याचे काम दर आठवड्याला द्यावे. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक कारखानदार असा करार घेऊन आले होते की त्यात लवाद सिंगापुरात, नियम पॅरिसच्या संस्थेचे, करार इंग्लंडच्या कायद्याखाली, आणि शेवटी ‘सर्व वाद केवळ ठाणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’ असे चार वेगवेगळ्या करारांतून उचललेले चार तुकडे होते. वाद मूळ पैशांचा राहिलाच नाही. तो कोठे चालवायचा यावरच दीड वर्ष गेले. तेव्हापासून मी प्रत्येक वर्गाला हे कलम, नावे काढून, दुरुस्त करायला देतो. दुरुस्त कलमात सीट, संस्था, आर्बिट्रेटरांची संख्या, भाषा आणि लवाद कराराला लागू होणारा कायदा एवढे हवे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. मुख्य कराराचा कायदा आणि लवाद कराराचा कायदा वेगळे असू शकतात, आणि हे लिहिलेले नसले की वाद किती लांबतो ते इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या एन्का विरुद्ध चब या निकालात दिसते. त्यानंतर इंग्लंडने २०२५ च्या कायद्याने हा प्रश्न पक्षांनी स्पष्ट काही ठरवले नसेल तर सीटच्या कायद्याच्या बाजूने सोडवला.

मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांबद्दल आपण काळजी व्यक्त केली आहे. हे काम इंग्रजीत चालते, ते टाळता येणार नाही. तरीही वस्तुस्थितीची टिपणे त्यांना आधी मराठीत लिहू द्यावीत, कारण ज्याला घटनाक्रम आपल्या भाषेत सरळ मांडता येत नाही त्याला तो इंग्रजीतही मांडता येत नाही. शिवाय या विद्यार्थ्यांकडे एक असे ज्ञान आहे की जे परदेशी वकिलाकडे नसते. एखाद्या उलटतपासणीत कारखान्याचा पर्यवेक्षक मराठीत साक्ष देतो आणि दुभाषी इंग्रजीत सांगतो. वकील विचारतो, ‘माल उतरवून घेताना तुम्ही तपासला नव्हता ना?’ साक्षीदार म्हणतो, ‘हो.’ मराठीत याचा अर्थ तपासला नव्हता; दुभाष्याने केवळ ‘येस’ म्हटले तर नोंदीत तपासला होता असा अर्थ जाऊ शकतो. एका शब्दाने साक्ष उलटते. म्हणून एक पूर्ण तास साक्षीदार, दुभाषी, दोन्ही बाजूंचे वकील आणि तीन आर्बिट्रेटर अशा भूमिका देऊन घ्यावे, आणि नकारार्थी प्रश्न विचारायचा नाही हा नियम विद्यार्थ्यांनीच शोधून काढेपर्यंत मध्ये पडू नये.

व्हिएन्नाच्या लवाद मूट स्पर्धेला संघ जाणार नाही याचे वाईट वाटणे मी समजू शकतो, पण व्हिएन्नाचा उपयोग प्रवासाविनाही करता येतो. विलेम सी. व्हिस मूट या त्या स्पर्धेचा प्रश्न दरवर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वांसाठी खुला होतो, आणि आधीच्या वर्षांचे प्रश्नही मिळतात. त्यातील लवादाची सीट बहुधा डान्युबिया नावाच्या काल्पनिक देशात असते, ज्याने संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारी कायदा आयोगाचा १९८५ चा नमुना कायदा स्वीकारलेला असतो. आपला १९९६ चा कायदाही त्याच नमुन्यावर उभा असल्यामुळे कलमांचे क्रमांकसुद्धा जुळतात: लवाद करार ७, अंतरिम उपाय ९, नेमणूक ११, स्वतःच्या अधिकारक्षेत्रावर निर्णय १६, सीट २०, निवाडा रद्द करणे ३४. दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून आपल्या संसदेने काय वाढवले आणि काय गाळले हे शोधणे हा उत्तम स्वाध्याय होतो. मालविक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार या प्रश्नांत नेहमी येतो. भारत त्यात नाही, म्हणून तो गाळू नये; करारात जर्मन कायदा निवडला की तो करार जर्मन कायद्याचा भाग म्हणून आपल्या अशिलापर्यंत येऊन पोहोचतो. प्रश्नाचे साठेक पानांचे इंग्रजी कागद एका बैठकीत वाचायला लावू नयेत. तीन आठवडे द्यावेत, आणि नोकरी करणाऱ्यांना लेखी निवेदन चौघांच्या गटात लिहू द्यावे.

गुंतवणूक करारांखालील लवाद या सत्रात घेऊ नये. त्याला स्वतंत्र सत्र लागते. विविध संस्थांचे नियमही सगळे नकोत. मुंबईत २०१६ पासून काम करणाऱ्या एमसीआयए या लवाद संस्थेचे आणि सिंगापूरच्या एसआयएसी या लवाद संस्थेचे नियम तुलनेने वाचले की पुरे.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगावी. वकील मित्रांकडे खरे निवाडे मागू नयेत. २०१९ मध्ये आलेल्या कलम ४२अ ने लवादाच्या कार्यवाहीची गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि ओळख पुसलेला निवाडाही या लहान व्यवसायात ओळखला जातो. उच्च न्यायालयाच्या निकालांत निवाड्यांतील लांबलचक उतारे आलेले असतात, त्यांवरून शिकवावे. आणि सत्रात एकदा तरी वर्गाला ठाण्याहून गाडीने सीएसएमटीला नेऊन उच्च न्यायालयात लवाद अर्जांचे बोर्ड (त्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी) चालते तेथे मागच्या बाकावर बसवावे. आदल्या संध्याकाळी बोर्ड पाहून, त्यातले कोणते अर्ज कलम ९ चे, कोणते ३४ चे आणि कोणते ४७ चे आहेत, एवढे प्रत्येकाने वहीत लिहून आणावे.